सीबीटी-आय कोच: हिशेब चोख, पण सोबत डॉक्टर हवा

आठवड्यात किमान तीन रात्री आणि तीन महिन्यांहून जास्त काळ झोपेची बोंब असेल, तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर आधी गोळी नको, सीबीटी-आय हा वर्तनोपचार द्या, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय. सीबीटी-आय कोच हे फुकट अ‍ॅप त्याच उपचाराला जोड म्हणून अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याने स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि संरक्षण खात्यासोबत बनवलं.

अ‍ॅपचा जीव आहे झोपेच्या डायरीत. ती सकाळी भरायची, अंदाजाने. रात्री घड्याळ बघत नोंदी करणाऱ्याची उरलीसुरली झोपही उडते. समजा, साडेदहा ते साडेसहा असे आठ तास अंथरुणात आणि झोप साडेपाच तास: झोपेची कार्यक्षमता, म्हणजे अंथरुणातल्या वेळेतला झोपेचा वाटा, ६९ टक्के. मग अंथरुणातला वेळच साडेपाच तासांवर आणायचा. उठणं सहाला पक्कं, म्हणजे आडवं व्हायचं साडेबाराला. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांवर गेली की १५ मिनिटं वाढवायची, ८० च्या खाली आली तर तेवढीच कापायची. पण पाच तासांच्या खाली कधीच नाही.

गाडी अडते ती इथेच. लोक झोपायची वेळ पाळतात आणि रविवारी नऊला उठतात. दुपारची वामकुक्षी तर डायरीत लिहितच नाहीत, मग आकडे खोटे पडतात. झोप येत नसेल तर अंथरुण सोडा, हा नियमही असाच टाळला जातो. एका खोलीच्या घरात जायचं कुठे? कोपऱ्यातली खुर्ची पुरते. अंथरुणावर नसणं महत्त्वाचं.

सगळं इंग्रजीत आहे, म्हणजे घरातल्या आजी-आजोबांसाठी डायरी दुसऱ्या कुणाला भरावी लागणार. त्यापेक्षा रेघा मारलेली वही बरी.

खरी उणीव मात्र वेगळी. पहिले एक-दोन आठवडे दिवसा पेंग वाढते, आणि ती ट्रक चालवणाऱ्याला परवडणारी नाही. बायपोलर आजारात झोप कापल्याने उन्माद उसळू शकतो, अपस्मारात झटका येऊ शकतो. घोरताना श्वास अडकत असेल तर आधी त्याची तपासणी. हे ओळखणं डॉक्टरचं काम. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम या गुंगी आणणाऱ्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनी त्या मनाने एकदम बंद करू नयेत. डोस टप्प्याटप्प्याने उतरवायचा, तोही डॉक्टरच्या देखरेखीखाली.