फोबोसच्या जेलमधून पळणारी कादंबरी, आठ महिने आणि तीन वाचनांनंतर

आधीच सांगतो, पुस्तकाचं नाव विचारू नका. नाशिकला शालिमारजवळ रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून ८० रुपयांत उचललेली इंग्रजी कादंबरी आहे, कव्हर नाही आणि पहिली आठ पानं पण गायब. जुलैत घेतली, पावसाळ्यात टाइमपास होईल म्हणून, आता मार्च चाललाय आणि तिसऱ्यांदा वाचून झालीये.

मी राहतो जेलरोडला. पत्ता सांगितला की समोरचा "सुटलास कधी?" विचारणारच. साने गुरुजींनी १९३३ साली 'श्यामची आई' लिहिली ती नाशिकच्याच तुरुंगात, त्यामुळे इथल्या माणसाला जेलच्या गोष्टीचं काय एवढं कौतुक, असं वाटलं होतं. चुकलो.

जेल आहे मंगळाच्या फोबोस या चंद्रावर. जेमतेम २७ किलोमीटर लांबीचा दगड तो, त्याचं गुरुत्व इतकं कमी की ताशी ४० चा स्पीड मिळाला की तुम्ही त्याच्यावरून कायमचे सुटलात, म्हणजे इथला द्वारका चौक चुकून मोकळा मिळाला तर आपली अ‍ॅक्टिव्हा पळते तेवढाच. म्हणून भिंतच बांधलेली नाही! पण सुटून जाणार कुठं, फोबोस सोडला तरी तुम्ही मंगळाभोवती सेकंदाला दोन किलोमीटरने फिरतच राहता, खाली सहा हजार किलोमीटरवर मंगळ आणि सूटमधली हवा काही तासांची. पहिल्या वाचनात इथंच झोप उडाली.

शेजारचे काका जेलमधून हवालदार म्हणून रिटायर झालेत. त्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून दुसऱ्या वाचनात रोज रात्री ओट्यावर मीच त्यांना गोष्ट सांगायचो. त्यांचा पहिला प्रश्न, "गिनती कशी घेतात?" आणि पुस्तकाचा सगळा जीव नेमका तिथंच आहे. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, तर तिथं डोकी मोजतच नाहीत, बराकीत किती हवा खर्च झाली ते मोजतात. मग हिरो गेल्यावर हिशोब जुळवायचा कसा? उरलेले तीस जण व्यायामाच्या मशीनवर जास्त घाम गाळतात, जास्त श्वास घेतात आणि त्याच्या वाटची हवा आपसात वाटून संपवतात. काका दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे पळाला एकटा, पण पळवला अख्ख्या बराकीनं."

आणि ते मशीन पण फुकट मिळत नाही हां. वजन नसल्यावर हाडं महिन्याला टक्का-दीड टक्का झिजतात, अंतराळवीर म्हणूनच रोज दोन तास व्यायाम करतात. इथं तो व्यायाम चांगल्या वर्तणुकीचं बक्षीस आहे! दहा वर्षं काढलेला कैदी सुटला तरी पृथ्वीवर उभा राहू शकत नाही, हे कुठेही भाषण न देता लेखकानं एका म्हाताऱ्याच्या चमचा धरायच्या पद्धतीतून दाखवलंय, ते पान मी दर वेळी हळू वाचतो.

आता वैताग. हिरो सूटशिवाय चाळीस सेकंद बाहेर राहून आरामात हँडल फिरवतो, अरे काय. १९६६ साली नासाच्या निर्वात चेंबरमध्ये एकाच्या सूटचा पाइप सुटला होता, साधारण चौदा सेकंदांत त्याची शुद्ध गेली (वाचला तो). दुसरं, बायकोशी फोनवर भांडण असं लिहिलंय जणू ती इथंच नाशिकच्या सिडकोत बसलीये. मंगळावरून पृथ्वीवर सिग्नल जायला तीन ते बावीस मिनिटं लागतात, तेही एका बाजूने, त्या भांडणाला आठवडा लागला असता. मधली साठ पानं प्रेमप्रकरण, तिसऱ्यांदा सरळ उडवली. बाइंडिंग ऑक्टोबरातच सुटलं, फेव्हिकॉल लावून वर विटा ठेवल्या, तेव्हापासून पुस्तक पूर्ण उघडत नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. काकांनी अजून मार्क दिले नाहीत. हिरोला आत कुठल्या कलमाखाली टाकला होता ते आधी सांग म्हणतात, आणि ते बहुतेक त्या आठ पानांत होतं.