पुरणपोळीची थाळी मागवली, कट कुठे गेला?

बडोद्यात 'अस्सल महाराष्ट्रीय थाळी'ची पाटी लावलेल्या हॉटेलात ३८० रुपये मोजून पुरणपोळीची थाळी मागवली, तर पोळीआधी आमटीची वाटी तोंडाला लावावी. स्वयंपाकघर कुणाच्या हातात आहे ते तिथेच कळतं. या हॉटेलात मेनूवर कटाची आमटी छापलेली आहे, म्हणजे पुरणाची डाळ शिजवून वरचं जे पाणी, कट, काढतात त्याची आमटी. वाटीत आली ती तुरीची गुजराती दाळ, मेथीदाण्याची फोडणी, कोकम, शेंगदाणे, गूळ आणि वरून मारलेला गरम मसाला. दाळ म्हणून चांगली होती, रोटलीबरोबर मजेत खावी. आमटी मात्र ती नव्हे.

कारण पोळी मोडल्यावर सापडतं. आतलं पुरण गुळगुळीत, चिकटसर, म्हणजे तुरीच्या डाळीचं. गुजरातेत वेढमी, म्हणजे तिकडची पुरणपोळी, तुरीचीच करतात आणि ती छान लागते, पण तिची डाळ बेताच्या पाण्यात शिजवून घोटतात, गाळायला काही उरत नाही. हरभरा डाळ भरपूर पाण्यात शिजवली तरी दाणा अख्खा राहतो, बोटाने चेपला जातो आणि वरचं पाणी सुटं काढता येतं. वेढमी केल्यावर कट येणार कुठून?

पोळीचे बाकीचे दोष नेहमीचेच. सकाळी लाटून ठेवलेली आणि वाढताना तव्यावर परत टाकलेली, म्हणून वातड. कडेला दोन बोटं पुरणच नाही. वेलची भरमसाट, जायफळाचा पत्ता नाही. अळूवडीच्या नावाखाली तीळ-मोहरीच्या फोडणीतले मऊ पात्रां, म्हणजे गुजराती पद्धतीची अळूवडी, आले. आपली वडी उकडल्यावर कापून तळतात, कड कुरकुरीत लागायला हवी. बटाट्याची भाजी आणि मठ्ठा खरोखर चांगले होते, त्याचे गुण द्यायला हवेत. साधं वरण मागितल्यावर वाढप्याने विचारलं, "दाल फ्राय आपुं?" महाराष्ट्रीय थाळीत हे ऐकावं लागणं जरा जास्तच झालं. हळद, हिंग, मीठ घालून घोटलेली तुरीची डाळ, वर तूप आणि लिंबाची फोड, एवढंच तर हवं असतं, त्याला फोडणीसुद्धा लागत नाही.

हीच थाळी घरी करायची तर पुरण आणि आमटी एकाच कुकरातून निघतात. १ वाटी हरभरा डाळ २ तास भिजवा, ४ वाट्या पाणी, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालून ४-५ शिट्ट्या द्या. चाळणीत उपसून १० मिनिटं निथळू द्या, खाली जमतो तो कट. इथे घाई केली की पुरण आटवता आटवता हात दुखतात आणि तरीही ते सैल राहून पोळी तव्यावर फुटते. गूळ पाऊण ते एक वाटी, तोही डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच. गुळात पडलेली कच्ची डाळ पुढे शिजत नाही, आणि राहिलेला तो कण लाटताना पारी फाडतो. उलथनं मधोमध उभं राहिलं की गॅस बंद. पुरणयंत्रातून गरम असतानाच काढा, गार झालं की यंत्राचा दांडा फिरत नाही. कणीक रोजच्या पोळीच्या कणकेपेक्षा सैल भिजवून, तेल लावून निदान तासभर मुरू द्यायची. एवढ्यात सातआठ पोळ्या होतात.

आता आमटी. २ वाट्या कटात २ मोठे चमचे पुरण कालवा. पाव वाटी सुकं खोबरं तांबूस भाजून चमचाभर जिऱ्याबरोबर बारीक वाटा. तेलाचा हात सढळ, २ मोठे चमचे तरी हवेत. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, २ लवंगा, दालचिनीचा तुकडा, आणि लगेच कट ओता. तिखट व दीड-दोन चमचे काळा मसाला त्यानंतर. कडकडीत तेलात मसाला पडला तर करपतो आणि अख्खी आमटी कडू होते. वाटण, मोठा चमचाभर चिंचेचा कोळ आणि मीठ घालून १० मिनिटं खळखळून उकळा. काळा मसाला घरचा नसेल तर आधी एक चमचाच घालून चव पाहा, विकतच्यात धने जास्त असतात आणि आमटी पिठूळ लागते. ती पातळच हवी, वर तेलाचा तवंग आणि तळाला डाळीचा साका.

उरली तर बिनधास्त ठेवा, दुसऱ्या दिवशी ती जास्त मुरलेली असते. गरम करताना आधी अर्धी वाटी पाणी घाला, कारण रात्रीत ती दाटते. भात मात्र ताजा लावा.