जानिट्रॉल बी-श्रेणीचा हीटर: ऊब चोख, पण तपासणीत सूट नाही

पायपर सेनेका, बीचक्राफ्ट बॅरन अशा दोन इंजिनांच्या छोट्या विमानांत दिसणारा हा हीटर विमानाच्याच टाकीतलं इंधन जाळतो. इंजिनाची पॉवर कमी केली तरी ऊब कमी होत नाही, हे त्याचं मोठं बळ. मात्र ज्योत आणि केबिनची हवा यांच्यात कम्बश्चन ट्यूबचा (ज्या नळीत इंधन जळतं तिचा) पातळ पत्राच काय तो आडवा असतो. तापून-निवून त्याला तडे जातात, हीटर बरेच महिने बंद राहिला की ओलाव्यानं गंज चढतो, आणि मग विषारी कार्बन मोनॉक्साइडला केबिनची वाट मोकळी होते.

एफएए या अमेरिकी विमान-नियामक संस्थेच्या 2004-21-05 या एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हनुसार (म्हणजे सुरक्षेच्या सक्तीच्या आदेशानुसार) हीटर चालल्याच्या दर 100 तासांनी किंवा दोन वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, तपासणी करावी लागते. हीटरचे तास मोजणारा अवर मीटर नसेल तर विमानाचे निम्मे तास धरतात. त्यामुळे वर्षाला 100 तासांहून जास्त उड्डाण असेल तर मीटर बसवाच. कमी असेल तर दोन वर्षांची मुदतच आधी भरते.

खरी कसोटी प्रेशर डिके टेस्टची, म्हणजे ट्यूबमधला दाब किती वेगानं उतरतो ते पाहण्याची. एक्झॉस्ट, ड्रेन आणि बाकीची तोंडं बंद करून ट्यूबमध्ये 6 पीएसआय (दाबाचं एकक) दाबाची हवा भरायची आणि पुरवठा तोडायचा. दाब 1 पीएसआयवर यायला किमान 45 सेकंद लागले पाहिजेत. ट्यूब नापास झाली की लगेच हीटर उतरवू नका. आधी बुचं, होजची जोडणी आणि स्पार्क प्लगचं गॅस्केट साबणाच्या पाण्यानं तपासा, कारण गळती पुष्कळदा तिथेच सापडते.

ही टेस्ट पास झाली म्हणजे काम संपलं, असं समजणं धोक्याचं आहे. जळणासाठीची हवा कमी पडली की इंधन तोडणारा प्रेशर स्विचही त्याच डायरेक्टिव्हमध्ये आहे, आणि आमच्या मते तो तितकाच मोलाचा. हीटर फार तापला की तो बंद करणारा ओव्हरहीट स्विच ट्रिप झाला तर कारण सापडेपर्यंत रीसेट करू नका. बरेचदा कारण साधं असतं: उतरल्यावर हीटर बंद करून पंखा दोन-तीन मिनिटं चालू ठेवलेला नसतो.

दुरुस्ती लांबणार असेल तर हीटर निकामी करून उडता येतं. इंधनाची लाइन कॅप करा, वीजपुरवठा तोडा, स्विचजवळ 'हीटर बंद' अशी पाटी लावा आणि लॉगबुकात नोंद करा. नुसता सर्किट ब्रेकर ओढून ठेवणं पुरत नाही.