वृद्धनिवासासाठी काय बोलवायचं: थेरपी डॉग की प्राण्यांची ओळख करून देणारं सेशन?

मी एका वृद्धनिवासात ॲक्टिव्हिटीज बघते आणि या कामात नवीन आलेलं कोणीही भेटलं की एक प्रश्न हमखास विचारतं, आम्हाला प्राणी आणायचेत, कोणाला बोलवू? आधी एक गोष्ट क्लिअर करा, "प्राण्यांची व्हिजिट" या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. थेरपी डॉग म्हणजे मालक आपला कुत्रा घेऊन येतो, एकेकाजवळ पाच-दहा मिनिटं बसतो आणि माणसं त्याच्यावर हात फिरवतात. एज्युकेशन व्हिजिट, जिला मी पुढे सेशन म्हणेन, म्हणजे एक माहितगार माणूस चार-पाच प्राणी घेऊन येतो, घुबड, कासव, ससा वगैरे, प्रत्येकाबद्दल सांगतो, दाखवतो, प्रश्न घेतो.

तुमच्याकडे डोकं शाबूत असलेली, पण दिवसभर कंटाळलेली माणसं जास्त असतील तर मी डोळे झाकून दुसरं सांगेन. कारण सांगते. कुत्र्याकडून माया मिळते आणि ती मोठीच गोष्ट आहे, पण सेशनमध्ये आजी-आजोबांना विचार करायला मिळतो आणि स्वतःचं काही सांगायला मिळतं. आमच्याकडे घुबड आलं तेव्हा त्याचे डोळे खोबणीत फिरत नाहीत म्हणून मान २७० अंशांपर्यंत वळते हे ऐकून एक आजोबा, जे एरवी कुठल्याच कार्यक्रमात तोंड उघडत नाहीत, ते शेतातल्या उंदरांवर आणि घुबडांवर दहा मिनिटं बोलत होते आणि तो प्राणी आणणारा माणूस गप्प बसून ऐकत होता. कासवाच्या वेळी सेंट हेलेना बेटावरच्या जोनाथन नावाच्या कासवाचा विषय निघाला, त्याचा जन्म साधारण १८३२ चा मानतात, तर नव्वदीतल्या एका आजींनी लगेच हिशोब करून सांगितलं की हा माझ्या पणजीच्या वेळचा. असं बोलणं कुत्र्याच्या भेटीत क्वचितच होतं.

पण सगळं त्या सांगणाऱ्या माणसावर आहे. एकदा असा एक जण आला होता जो पूर्ण वेळ बालवाडीत असल्यासारखा बोलत राहिला, "सांगा बघू, ससोबा काय खातो?", अर्धी माणसं उठून गेली आणि मला फार वाईट वाटलं, कारण त्यात एक निवृत्त जीवशास्त्राच्या बाई होत्या. म्हणून बुकिंगआधी फोनवर थेट विचारा की मोठ्या माणसांसाठी सेशन घेतलंय का, की फक्त शाळांमध्ये.

आता धोक्याचं, कारण इथे सेशनची बाजू कमकुवत आहे. सरपटणारे प्राणी ठणठणीत दिसले तरी त्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो आणि ६५ च्या पुढच्या माणसांना त्याचा त्रास गंभीर होऊ शकतो. याच जंतूमुळे अमेरिकेत चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे. त्यामुळे कासव आणि साप फक्त बघायचे, हात लावायचा नाही, हे मी तरी ठाम धरते. पोपटवर्गातले पक्षी आणणार असतील तर सिटाकोसिस या पक्ष्यांकडून होणाऱ्या आजाराचं विचारा, तो श्वासातून लागतो आणि म्हाताऱ्या फुफ्फुसांना झेपत नाही. हात लावायला ससा ठीक, पण मांडीवर जाड टॉवेल टाकून आणि ससा धरणारा शेजारी बसूनच, कारण या वयात कातडी कागदासारखी असते, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर साध्या ओरखड्याचं रक्तही लवकर थांबत नाही आणि ससा जोरात लाथ मारताना स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. सेशननंतर साबण-पाण्याने हात, फक्त सॅनिटायझर नाही, आणि प्राणी जेवणाच्या टेबलांपासून लांब.

थेरपी डॉगचं पारडं इथे जड होतं. १९६० च्या दशकात बोरिस लेविन्सन या मानसशास्त्रज्ञाने आपल्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याबद्दल लिहिलं, तेव्हापासून या कामाच्या पद्धती बऱ्यापैकी घडल्यात. पेट पार्टनर्ससारख्या संस्था प्राण्याची आणि मालकाची दोघांची परीक्षा घेतात आणि कच्चं मांस खाणारा प्राणी चालवून घेत नाहीत. डिमेन्शिया पुढे गेलेल्यांसाठी तर मी कुत्राच म्हणेन, माहिती लक्षात राहत नाही पण दर आठवड्याला तोच ओळखीचा केसाळ पाहुणा आला की चेहरा खुलतो. शिवाय तो बहुतेक वेळा स्वयंसेवकाचा असतो, म्हणजे खर्च जवळजवळ नाही, तर सेशनला पैसे लागतात म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदाच परवडतं. अडचण एवढीच की चाळीस माणसांना एक कुत्रा पुरत नाही, कुत्र्याला घाबरणारे असतातच, आणि वॉकरच्या पायात पट्टा अडकू शकतो.

कायमचे प्राणी ठेवायचा विचारही लोक करतात. १९९१ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या चेज मेमोरियल नर्सिंग होममध्ये डॉ. बिल थॉमस यांनी दोन कुत्रे, चार मांजरी आणि शंभर पक्षी आणले होते, पण त्यासाठी स्टाफ मनापासून तयार हवा, रात्री अकराला पिंजरा कोण साफ करणार हे आधी ठरवा. त्यापेक्षा फिशटँक सोपा. पर्ड्यू विद्यापीठाच्या २००२ च्या अभ्यासात जेवणाच्या हॉलमध्ये टँक ठेवल्यावर अल्झायमरचे रुग्ण जास्त जेवायला लागले आणि त्यांचं वजनही वाढलं. ॲलर्जी असेल तर पारो हा जपानी रोबोट-सील आहे, महाग आहे, पण चावत नाही.

काहीही निवडा, प्राण्याकडेही बघा. कुत्रा सारखा जांभया देतोय, ओठ चाटतोय, तोंड फिरवतोय म्हणजे त्याला ताण आलाय, आणि गोठल्यासारखा बसलेला ससा शांत नसतो, घाबरलेला असतो. आणणाऱ्या माणसाने भेट तिथेच थांबवली पाहिजे, न थांबवली तर पुढच्या वेळी मी त्याला बोलवत नाही.

पहिल्यांदा बारा-पंधरा जणच बोलवा, खुर्च्या अर्धगोलात, पाऊण तास, ऐकू कमी येणारे पुढे. आणि खाटेवरून उठू न शकणाऱ्यांच्या खोलीत नंतर दोन मिनिटं यायची तयारी आहे का हे आधीच विचारून ठेवा, कारण सगळ्यात जास्त वाट तेच बघत असतात आणि बुकिंग करताना नेमकं तेच राहून जातं.