पावसात उघडू नका, काका

गेल्या जुलैमध्ये एका माणसानं मला ८५ हजार रुपयांना फसवलं. पुण्या-मुंबईत जुन्या जॅझ रेकॉर्ड जमवणारे आम्ही मोजकेच, पण आता तरुण मुलंही या नादाला लागलेली दिसतात. त्यांच्यातल्या कुणाला हाच माणूस भेटला, किंवा दुसऱ्या कुणी हीच पद्धत वापरली, तर आधी माहीत असावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली. जॅझचं वेड त्याच्याही आधीचं. रात्री ट्रान्झिस्टर कानाला लावून शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकाचा विलिस कॉनोव्हरचा कार्यक्रम ऐकायचो. १९७८ साली मुंबईला रंगभवनात पहिली जॅझ यात्रा झाली, तिथे सॅक्सोफोनवाल्या सॉनी रोलिन्सला समोर वाजवताना बघितलं. तेव्हा अमेरिकन रेकॉर्ड परवडण्याचा प्रश्नच नव्हता. डमडमच्या कारखान्यात छापलेल्या एचएमव्हीच्या भारतीय प्रतींवर भागवायचो. ओरिजिनल, म्हणजे त्या काळी त्या कंपनीनं काढलेलं पहिलं प्रेसिंग, तबकडीची पहिली छपाई, हातात घेण्याचं भाग्य निवृत्तीनंतर आलं, तेही चार-पाच वेळाच.

हा माणूस मला मे महिन्यात जुन्या बाजारात भेटला. रविवारी सकाळी मी शाहीर अमर शेख चौकाजवळच्या त्या बाजारात जातोच, बरीच वर्षं जातोय. एका फेरीवाल्याच्या ढिगाशी बसून मी तबकड्या चाळत होतो. शेजारी पस्तिशीचा एक मुलगा येऊन बसला आणि म्हणाला, "काका, त्यात काही नाहीये, मी बघितलंय सगळं." बोलायला गोड, माहिती पक्की. त्याचे काका मर्चंट नेव्हीत होते, न्यूयॉर्कला बोट लागली की रेकॉर्ड आणायचे, ते वारले आणि आता त्यांचा संग्रह विकायचा आहे, असं त्यानं सांगितलं.

पुढच्या महिन्याभरात त्यानं मला तीन रेकॉर्ड दाखवल्या. दोन भारतीय प्रेसिंगच्या होत्या. योग्य भाव सांगितला, मी घेतल्या, काही तक्रार नाही. तिसरी होती प्रेस्टीज या अमेरिकन जॅझ कंपनीची, पिवळ्या लेबलची, १९५६ मधलं ध्वनिमुद्रण. मी हरखून बघत होतो, तर तोच म्हणाला, "काका, ही पहिली नाही हं. पत्ता बघा. बर्गनफील्ड, न्यू जर्सी आहे. पहिलीवर न्यूयॉर्कचा, ४४६ वेस्ट ५०वा रस्ता, असा पत्ता हवा. कंपनी न्यू जर्सीला गेल्यानंतरची आहे ही." हे अगदी खरं होतं. त्यानं ती रेकॉर्ड मला विकलीच नाही, म्हणाला, तुमच्या संग्रहात शोभणार नाही. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की आजकाल असा प्रामाणिक मुलगा मिळत नाही.

आज मागं वळून बघताना सगळ्यात जास्त ही गोष्ट टोचते. तो खोटं बोलून विश्वास मिळवत नव्हता. रेकॉर्डबद्दल जे सांगत होता ते सगळं खरंच होतं.

जूनच्या शेवटी त्याचा फोन आला. ब्लू नोट या अमेरिकन जॅझ कंपनीची १५८८ नंबरची रेकॉर्ड सापडली आहे, पहिलं प्रेसिंग. पियानोवादक सॉनी क्लार्कची 'कूल स्ट्रटिन'. न्यू जर्सीत हॅकेनसॅकला रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकानं आई-वडिलांच्या घराच्या बैठकीच्या खोलीत स्टुडिओ केला होता, तिथे ५ जानेवारी १९५८ ला हे वाजवलं गेलं. साथीला जॅकी मॅक्लीन, आर्ट फार्मर, पॉल चेंबर्स, फिली जो जोन्स. पाचच वर्षांनी, १९६३ च्या जानेवारीत, सॉनी क्लार्क वयाच्या ३१ व्या वर्षी गेला. ही रेकॉर्ड मी चाळीस वर्षं कॅसेटवर आणि नंतर सीडीवर ऐकत आलोय. चांगली मूळ प्रत परदेशात लाखांच्या घरात जाते. त्यानं ८५ हजार सांगितले, कव्हरचा एक कोपरा दुमडलेला आहे आणि दुसऱ्या बाजूला एक चरा आहे म्हणून.

त्या बुधवारी संध्याकाळी मी त्याच्या कल्याणीनगरच्या भाड्याच्या फ्लॅटवर गेलो. सोबत टूलरूममधला माझा दहापट मोठं दाखवणारा आयग्लास होता. एक तास मी ती तबकडी तपासली. काय तपासलं ते सांगतो, कारण तपासणी बरोबर होती. चूक नंतर झाली.

लेबलवरचा पत्ता ४७ वेस्ट ६३वा रस्ता. बरोबर. 'नोट' या शब्दाखाली गोलातला आर, म्हणजे नोंदणीकृत ट्रेडमार्कची खूण, नाही आणि कंपनीच्या नावापुढे 'इंक' नाही. हेही बरोबर, कारण ही दोन्ही १९५९ च्या सुमारास आली, ५८ च्या पहिल्या प्रतीवर ती असताच कामा नयेत. लेबलच्या कडेपासून बोटभर आत एक गोल खाच, जिला संग्राहक डीप ग्रूव्ह म्हणतात. ती प्रेसच्या डायची कड आहे. त्या काळच्या डायचा मधला भाग तसा होता, म्हणून प्रत्येक तबकडीवर तो उठायचा. आयुष्यभर डाय बनवणाऱ्या माणसाला ती खाच नखानं चाचपून कळते.

मग शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जो कोरा काळा पट्टा असतो, ज्याला आम्ही डेड वॅक्स म्हणतो, तो. दिवा तिरका धरायचा आणि तबकडी हळू फिरवायची. १५८८ आणि बाजूची खूण. आर-व्ही-जी, म्हणजे व्हॅन गेल्डरची आद्याक्षरं. आणि पुढे ती खूण, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. इंग्रजी पी हाताने वळणदार काढावा तशी, पण आडवी पाहिली तर कानाच्या पाळीसारखी. तिला इअर म्हणतात. न्यू जर्सीच्या प्लास्टिलाइट नावाच्या ज्या कारखान्यात ब्लू नोटच्या तबकड्या छापल्या जायच्या, त्याची ती खूण.

नव्यानं घेणाऱ्यांनी हे नीट समजून घ्या. १९६५-६६ च्या सुमारास लिबर्टी या कंपनीनं ब्लू नोट विकत घेतली. जुन्या पत्त्याची छापील लेबलं आणि कव्हरं शिल्लक होती, ती त्यांनी संपेपर्यंत वापरली. म्हणजे लेबल जुनं, पत्ता जुना, आणि तबकडी ६६ नंतरची, असं सर्रास सापडतं. व्हॅन गेल्डरची अक्षरंही त्यांच्यावर असतात, कारण मूळ धातूचे साचे तेच होते. फक्त कान नसतो. प्लास्टिलाइटशी संबंध संपला, खूण संपली. पुढे जपानमध्ये निघालेल्या आवृत्त्यांची लेबलं तर जुन्या लेबलच्या शेजारी ठेवली तरी पटकन फरक दिसत नाही. अलीकडच्या महागड्या आवृत्त्यांत डीप ग्रूव्हसुद्धा मुद्दाम काढतात, वजनही भरपूर ठेवतात. म्हणून पत्ता, खाच, वजन, यातल्या कशावरही एकट्यावर जाऊ नका. डेड वॅक्स बघा.

त्या बुधवारी कान होता, दोन्ही बाजूंना. मी रेकॉर्ड लावून ऐकली. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला चरा होता तो वाजला. टक्, मग पुन्हा टक्. तेहतीस आरपीएमच्या तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा असतो, त्या हिशेबानं टकटक येत होती, वीसेक फेरे, मग बंद. मला ती खटकली नाही. उलट पियानोच्या मागं ती ऐकताना वाटलं, ही तबकडी खरोखर कुणीतरी वाजवून वाजवून जुनी केली आहे.

टोकन म्हणून दहा हजार मी तिथेच यूपीआयनं दिले. पडद्यावर एका बाईचं नाव आलं. बहिणीचं खातं आहे म्हणाला. रेकॉर्ड मात्र लगेच दिली नाही. चुलतभावाला विचारायचं आहे, घरातली वाटणी आहे, रविवारी देतो. मीही आग्रह धरला नाही. कुणाच्या घरचा मामला म्हटल्यावर आपण काय बोलणार? आणि आणखी एक गोष्ट केली नाही. खिशात मोबाइल असताना त्या डेड वॅक्सचा, त्या चऱ्याचा एकही फोटो काढला नाही.

रविवारी सकाळपासून पुण्यात पाऊस कोसळत होता. तो म्हणाला, फ्लॅट सोडतोय, सामान हलवणं चाललंय, कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर भेटू. एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली आम्ही उभे राहिलो. त्यानं स्कूटरच्या डिकीतून नव्हे, तर रेनकोटच्या आतून, छातीशी धरून पार्सल काढलं. जाड पुठ्ठा, चारही बाजूंनी टेप, वर प्लास्टिकची पिशवी. मी टेपला हात घातला तसा तो म्हणाला, "काका, पावसात उघडू नका. पासष्ट वर्षांहून जुनं कव्हर आहे, एक थेंब पडला तरी डाग जाणार नाही."

मी हात काढला. पत्र्यावरून पाण्याची धार पडत होती, वारा होता, शिंतोडे येत होते, आणि तो सांगत होता ते कुठल्याही संग्राहकाला पटलं असतं. मीच त्याला सांगितलं असतं ते. मी पंच्याहत्तर हजार रोख दिले, पावती मागितली नाही, आणि पार्सल पोटाशी धरून रिक्षात बसलो.

घरी पंखा लावून हात कोरडे केले, पार्सल उघडलं. कव्हर तेच. कोपरा तसाच दुमडलेला, मागं पेन्सिलनं लिहिलेला तोच आकडा. फूटपाथवरून चाललेले उंच टाचांचे ते पाय. तबकडी काढून दिव्याखाली धरण्याऐवजी मी ती सरळ टर्नटेबलवर ठेवली. इतकी घाई झाली होती. पहिली बाजू ऐकली. फार सुंदर वाजली. दुसरी बाजू लावली आणि टकटक यायची वाट बघत बसलो.

ती आलीच नाही.

बायको आतून म्हणाली, "अहो, चहा गार होतोय." मी सुई उचलली, पुन्हा सुरुवातीला ठेवली. स्वच्छ, एकही आवाज नाही. तेव्हा पोटात खड्डा पडला. आयग्लास काढला, दिवा तिरका धरला. खाच होती, पत्ता बरोबर होता, लेबलसुद्धा थोडं पिवळट केलेलं होतं. डेड वॅक्समध्ये मशीननं छापलेले सरळ आकडे होते. आर-व्ही-जी नाही. कान नाही.

त्याचा फोन त्या दिवसापासून बंद आहे. कल्याणीनगरच्या सोसायटीत वॉचमननं सांगितलं की तो फ्लॅट दिवसावर भाड्यानं देतात.

पोलीस चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, अर्ज लिहून घेतला. पूर्वीचं कलम ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तरं नव्हती. "आधी दाखवलेली रेकॉर्ड वेगळी होती याला पुरावा काय? पंच्याहत्तर हजार दिले याला पुरावा काय?" यूपीआयचे दहा हजार तेवढे कागदावर दिसत होते, तेही तिसऱ्याच्या नावानं. एक फोटो असता तर दोन तबकड्या वेगळ्या आहेत हे कुणालाही दाखवता आलं असतं. प्रत्येक जुन्या तबकडीवर चऱ्यांची एक जाळी असते, ती दुसऱ्या तबकडीवर तशीच सापडत नाही. आधारसाठी घेतलेल्या बोटाच्या ठशासारखी ती ओळख आहे. ती मोबाइलमध्ये घ्यायला दोन मिनिटं लागतात.

नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या एका जुन्या संग्राहक मित्राशी फोनवर बोलताना विषय निघाला. तो एकदम गप्प झाला. ऑगस्टमध्ये त्यानंही १५८८ घेतली होती, अशाच एका पस्तिशीतल्या मुलाकडून. तबकडी अस्सल, पण कव्हर जपानी आवृत्तीचं. "मूळ कव्हर काकांच्या घरी वाळवीनं खाल्लं" असं सांगून त्यानं भाव कमी केला होता. मी विचारलं, दुसऱ्या बाजूला सुरुवातीला चरा आहे का? त्यानं फोन टर्नटेबलजवळ नेला. टक्. टक्. मी घड्याळ बघितलं नाही, हिशेब डोक्यात बसलेला होता.

एका रेकॉर्डचे त्यानं दोन सौदे केले. जो तबकडी तपासून जागेवर घेणार त्याला तबकडी खरी, आणि मला कव्हर खरं. मित्रानं डेड वॅक्सचे फोटो पाठवले, ते मी अर्जाला जोडले आहेत. त्याच्याकडेही वेगळंच नाव आणि वेगळाच नंबर आहे. दोन्ही तक्रारी एकत्र करण्याचा प्रयत्न चालू आहे.

यानंतर मी एक रेकॉर्ड घेतली, परवाच. बघायला गेलो तेव्हा दोन्ही बाजूंचं डेड वॅक्स आणि चरे फोटोत घेतले, शेजारी माझा अंगठा ठेवून. घ्यायला गेलो तेव्हा विकणाऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली ती बाहेर काढून फोटोशी ताडून पाहिली आणि मग त्यांच्याच खात्यावर पैसे टाकले. मेसेजमध्ये रेकॉर्डचा नंबर आणि 'मूळ प्रेसिंग' हे शब्द लिहून घेतले. बाईंना राग येईल अशी भीती होती. त्यांनी चहा दिला.

ती खोटी तबकडी अजून माझ्याकडे आहे. आमच्या मुलाला यातलं काही कळत नाही, माझ्यामागे तो हे सगळं कुणाला तरी देऊन टाकेल, आणि अस्सल कव्हरात ही तबकडी पुन्हा कुणाला तरी पहिलं प्रेसिंग म्हणून विकली जाईल. म्हणून गेल्या आठवड्यात मी बॉलपेननं तिच्या दोन्ही लेबलांवर आणि कव्हरच्या आतल्या बाजूला ठळक लिहिलं: पुनर्मुद्रित, मूळ नव्हे.