घराण्याचा शोध: आधी दप्तर की आधी डीएनए?

तुमचे घराणे चार-पाच पिढ्या महाराष्ट्रातच राहिले असेल, तर आधी तहसील कचेरी गाठा. लाळेची नळी परदेशातल्या प्रयोगशाळेला पाठवायचा विचार त्यानंतर. आजोबा दत्तक आले असतील, वडिलांचे वडील कोण हेच घरात कुणी सांगत नसेल, किंवा पूर्वज शंभर-दीडशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे गेले असतील, तर मात्र डीएनए लवकर हाती घ्यावा. दोन्ही वाटांना पैसा आणि वेळ लागतो, म्हणून सल्ला आधी देऊन टाकला. आता कारणे.

कागदाची वाट

सुरुवात सातबाऱ्याने करू नका, फेरफाराने करा. सातबाऱ्यावर आजचा खातेदार दिसतो. जमीन त्याच्यापर्यंत कशी आली, ते फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये असते. ‘अमुक मयत, त्यांचे वारस पुढीलप्रमाणे’ असा वारस फेरफार हाती लागला की एका पिढीची भावंडे एकदम सापडतात. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा कर्ता, ‘अ.पा.क.’ असेल तर वारस अज्ञान, म्हणजे अल्पवयीन होता आणि पालनकर्त्याचे नाव सोबत लिहिलेले असते. बाप लवकर वारला आणि मुलांना आईने की चुलत्याने सांभाळले, हे या तीन अक्षरांमुळे कळते. प्रत्येक फेरफारातून मागच्या फेरफाराचा क्रमांक धरत गेलात तर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत पोचता येते. बऱ्याच तालुक्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन महसूल विभागाच्या संकेतस्थळावर आले आहेत. नसतील तिथे अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यायचा.

जमीन नव्हती त्यांनी कोतवाल बुक मागावे. हा गाव नमुना १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही; तिच्यात बापाचे नाव आणि जातही सापडते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पालकाचे नाव आणि राहण्याचे गाव मिळते. तिथल्या जन्मतारखेवर मात्र विसंबू नका. १ जून ही तारीख गुरुजींनी किती मुलांना दिली असेल, त्याची गणती नाही.

यापेक्षा मागे गेलात की मोडी लिपी लागते. सरकारी व्यवहारातून ती विसाव्या शतकाच्या मध्यावर गेली, त्यामुळे घरातल्या सत्तर वर्षांच्या माणसालाही ती बहुधा वाचता येत नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली, आणि आपल्या पणजोबांचे नाव कुठल्या दप्तरात आहे हा प्रश्न लाखो घरांत प्रथमच विचारला गेला. त्या शोधात पुढे आलेल्या नोंदींच्या स्कॅन प्रती अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आहेत. जातीच्या दाखल्याची गरज नसली तरी त्या चाळाव्यात. मराठवाड्यातल्यांनी उर्दू वाचणारा माणूसही गाठून ठेवावा, कारण निजामाच्या काळचा कागद मोडीत निघेल तसा उर्दूतही निघेल.

वतनदार किंवा इनामदार घराण्यांचे नशीब वेगळे. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले आणि दख्खनच्या इनामदारांना आपला हक्क सिद्ध करावा लागला. त्यासाठी त्यांनी सनदा दाखवल्या, कैफियती दिल्या, वंशावळी मांडल्या. इनाम जाईल या धास्तीने केलेला तो कागद आज वंशजांच्या कामी येतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तरासह कोट्यवधी कागद रुमालांत बांधलेले आहेत. तिथे ‘आमचे आडनाव अमुक’ एवढ्यावर काही हाती लागत नाही. गाव, परगणा आणि वतनाचा प्रकार सांगता आला तर शोध सुरू होतो.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ही कागदाची सगळ्यात सुंदर शाखा. गाव आणि आडनाव सांगितले की गुरुजी वही काढतात, आणि श्राद्धाला किंवा सिंहस्थाला आलेल्या पूर्वजाने स्वतः लिहून ठेवलेली नावे समोर येतात. आपल्या घराण्याची वही सापडेलच असे नाही, पण जमीन असो वा नसो, यात्रेला गेलेल्या कुणाचेही नाव तिथे असू शकते.

कागदात कोण नाही

कागद जमिनीच्या आणि साऱ्याच्या मागे चालतो. ज्याच्याकडे सारा वसूल करण्याजोगे काही नव्हते, त्याची नोंद विरळ. भटक्या जमातींपैकी कित्येकांची पहिली सरकारी नोंद झाली ती १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांच्या यंत्रणेतून, आणि ती वाचताना आजही संताप येतो.

आणि बायका. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलते, मधले नाव बदलते, पुष्कळ घरांत पहिले नावही बदलले जाई. वंशावळीत पाच मुलगे आणि एकही मुलगी नाही, अशी पाने मी इतकी पाहिली आहेत की आता त्यांचा विश्वास वाटत नाही. जुन्या वारस फेरफारांतही मुली क्वचितच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर त्यांची नावे जास्त येऊ लागली, आणि पाठोपाठ हक्कसोड पत्रेही. बहिणीने आपला वाटा भावांना सोडला, असा तो कागद. पण त्याच कागदावर तिचे सासरचे पूर्ण नाव आणि गाव असते, आणि तीन पिढ्यांत कुणी न बोललेली आत्तेआजी कुठे नांदली ते त्यावरून कळते. हक्कसोडीचा फेरफार दिसला तर तो कधीही वगळू नका.

डीएनएची वाट

इथे स्त्री-पुरुष भेद नाही. नेहमीच्या ऑटोसोमल चाचणीत आई आणि बाप दोन्हीकडचा वारसा येतो, आणि त्याच कंपनीत चाचणी केलेल्या इतरांशी किती डीएनए जुळतो ते सेंटीमॉर्गन या मापात कळते. सख्खी भावंडे साधारण २६०० च्या आसपास, सख्खी चुलत-मावस भावंडे ८५० च्या आसपास. पुढे हा आकडा झपाट्याने उतरतो. ज्यांचे खापरपणजोबा एक, अशा दहा जणांतल्या सुमारे एकाशी जुळणी दिसतच नाही. त्याच्या पुढच्या पिढीत निम्म्यांशी दिसत नाही. म्हणजे पाच पिढ्यांपलीकडे ही चाचणी थकते, आणि कागद नेमका तिथून पुढे बोलू शकतो.

आपल्यासाठी खरी अडचण दुसरीच. या कंपन्यांच्या यादीत भर आहे ती अमेरिका-युरोपातल्या लोकांची. साताऱ्याच्या माणसाला जुळण्या मिळाल्याच तर त्या बहुधा परदेशात स्थायिक झालेल्या दूरच्या नातलगांच्या. शिवाय शेकडो वर्षे जातीतल्या जातीत लग्ने झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने दाखवले, की भारतातले लोकसमूह सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांत मिसळत होते आणि नंतर ते मिसळणे जवळपास थांबले. त्यात काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची रीत. त्यामुळे दोन माणसे एकाच पूर्वजाकडून नाही, तर पाच-सहा वाटांनी नातलग असतात आणि जुळणी आहे त्यापेक्षा जवळची भासते. कंपनीने ‘तिसरे चुलत भावंड’, म्हणजे खापरपणजोबा एक असलेले, म्हटले तरी एकूण आकड्याबरोबर सर्वांत लांब सलग तुकडा किती आहे ते पाहा. पुष्कळ बारीक तुकड्यांची बेरीज असेल तर नाते बरेच लांबचे.

कुठल्या प्रदेशाचा किती अंश, अशा टक्केवारीच्या रंगीत नकाशासाठी पैसे घालवू नयेत. ‘दक्षिण आशियाई’ एवढे उत्तर तर आरशातही दिसते.

वाय गुणसूत्राची चाचणी फक्त बाप-मुलगा अशा ओळीची असते. गावावरून पडलेल्या ‘कर’ आडनावांच्या दोन घराण्यांचे मूळ एक आहे का, हे तिच्याने तपासता येते. दत्तकाबाबत जपून. वतनदार घरांत दत्तक बहुधा भाऊबंदांतूनच घेत, म्हणून वाय जुळले तरी दत्तक झाला नाही असे सिद्ध होत नाही.

डीएनए आधी कोणी करावा

मॉरिशसच्या मराठी घराण्यांकडे मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेली गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, दप्तरे आहेत. त्यांत क्रमांक, बापाचे नाव, गाव, जिल्हा अशा नोंदी मिळतात. पण गावाचे नाव कारकुनाने ऐकू आले तसे लिहिलेले. अशा वेळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या घराशी डीएनए जुळला, तर दोन-तीन संभाव्य गावांतले एक पक्के होऊ शकते. गोव्यात धर्मांतरानंतर पोर्तुगीज आडनावे घेतलेल्या घराण्यांना चर्चच्या नोंदवह्या बरेच मागे नेतात. त्याआधीचा धागा हवा तर हिंदू राहिलेल्या भाऊबंदांशी जुळणी हा एक मार्ग आहे. आणि ज्यांना आपले जन्मदाते शोधायचे आहेत, त्यांना बंद फाइलपेक्षा एखादे चुलत-मावस भावंड यादीत सापडणे अधिक उपयोगी ठरते.

चाचणी करणारच असाल तर स्वतःची करू नका. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची करा. आजी, तिचा भाऊ, आजोबांची चुलत बहीण. ते दोन पिढ्या तुमच्यापेक्षा मागे आहेत, आणि प्रत्येक पिढीला निम्मा डीएनए गळतो. मात्र त्यांना नीट समजावून, त्यांचा होकार घेऊन. घरात कुणी कधी न बोललेले नाते या यादीत उघडे पडू शकते, आणि ते आजीला कळायला हवे की नको हे आजीने ठरवायचे. माहिती कुणाच्या हाती राहील याचाही भरवसा नाही: २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या मोठ्या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अहवाल आला की मूळ डेटा उतरवून घ्या, नमुना नष्ट करण्याची विनंती पाठवा, आणि जुळण्यांच्या यादीत पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरे ठेवा.

आजीकडे गेलातच आहात तर नळी पुढे करण्याआधी तिच्या माहेरची माणसे लिहून घ्या: आईचे माहेर, मावश्यांची सासरे, कुलदैवत, आणि लग्नाआधी तिला काय म्हणत.