परराष्ट्र सेवेच्या नावाखाली माझे ९७,८६० रुपये गेले

दूतावासातल्या बनावट नोकरीसाठी मी काय भरलं, ते आकडे आधी सांगते. नोंदणी २,३६०, कागदपत्र पडताळणी १८,५००, मेडिकल आणि पोलीस व्हेरिफिकेशन १२,०००, आणि 'परत मिळणारं' डिपॉझिट ६५,०००. अकरा दिवसांत ९७,८६० रुपये. त्यातले ६५,००० आईच्या भिशीचे.

मी इचलकरंजीची. इथून जवळच्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे परराष्ट्र सेवेत गेले, हे शाळेपासून ऐकत आले आणि तेव्हापासून मला तेच व्हायचं होतं. बीए केलं, दोनदा यूपीएससीची प्रिलिम दिली, दोन्ही वेळा थोडक्यात गेली. बाबांचे निम्मे माग बंद. अशा वेळी टेलिग्रामच्या अभ्यास ग्रुपवर जाहिरात आली: दूतावासात ज्युनियर डिप्लोमॅटिक असिस्टंट, लॅटरल एंट्री (म्हणजे नेहमीच्या परीक्षेशिवाय थेट नेमणूक), फक्त पदवी हवी. केंद्रात सहसचिव पदांवर लॅटरल एंट्री झालेली आहे, म्हणून शब्द खोटा वाटला नाही.

मला मूर्ख म्हणणाऱ्यांनी तो इंटरव्ह्यू ऐकायला हवा होता. व्हिडिओ कॉलवर पंचावन्नच्या आसपासचे गृहस्थ, मागे तिरंगा. त्यांनी राजनैतिक संबंधांवरच्या १९६१च्या व्हिएन्ना कराराबद्दल विचारलं, 'पर्सोना नॉन ग्राटा' (यजमान देशाने नकोसा ठरवलेला राजनैतिक अधिकारी) म्हणजे काय ते समजावून सांगायला लावलं. उत्तर ऐकून म्हणाले, "बहुत अच्छा, बेटा." दोन वर्षांत मला कुणी तसं म्हटलं नव्हतं.

आणि तरीही मला कळायला हवं होतं. दुसरा हप्ता भरताना क्यूआर स्कॅन केला, तर स्क्रीनवर नाव आलं कुठल्याशा ट्रेडर्सचं. सरकार ट्रेडर्सच्या खात्यात पैसे घेतं का? माझं बोट थांबलं, खरंच थांबलं. विचारलं तर उत्तर आलं, "वेंडर है मॅडम, आउटसोर्स किया है." मी पिन टाकला. तो क्षण रोज रात्री डोळ्यांसमोर येतो. त्यांनी पाठवलेल्या पत्रावरच्या सिंहांखाली 'सत्यमेव जयते' नव्हतं. राजमुद्रेत ते असावंच लागतं, हे मी पाठ केलेलं आहे. यूपीएससीची फी १०० रुपये, मुलींना तीही माफ. दोनदा एक पैसा न देता फॉर्म भरलेल्या मुलीने पहिले २,३६० मागितले तेव्हाच उठायला हवं होतं.

पदवीधराला थेट आयएफएसमध्ये, म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवेत, जायला यूपीएससीशिवाय दुसरं दार नाही. परराष्ट्र मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर व्हायचं असेल तर एसएससी सीजीएल, म्हणजे कर्मचारी निवड आयोगाची पदवीधरांसाठीची परीक्षा. मंत्रालयाची इंटर्नशिप असते, पण तिथे मानधन तुम्हाला मिळतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला तेव्हा तीस तास उलटले होते. तुम्ही कळल्या मिनिटाला लावा, लाजत बसू नका. माझे ४,३१२ रुपये तेवढे होल्ड झाले. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी, "तुम्हीच पाठवले ना, मग फसवणूक कसली?" दुसऱ्या दिवशी, "कोल्हापूरला सायबरला जा." तिथे, "रक्कम लहान आहे, तुमच्याच ठाण्यात द्या." झिरो एफआयआरचं, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घेण्याचं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम १७३ छापून नेलं, तर अंमलदार म्हणाले, "ताई, कायदा आम्हाला शिकवू नका." बँकेत मॅनेजरने मानही वर केली नाही: पिन तुमचाच ना? चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी बाबा बाहेरच्या बाकावर, टोपी हातात घेऊन. ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांनीच आम्हाला गुन्हेगारासारखं बसवून ठेवलं, हा राग पैशांपेक्षा मोठा आहे.

पासपोर्ट, आधार, मार्कशीट, सगळ्याचे स्कॅन त्यांच्याकडे आहेत. आधारचं बायोमेट्रिक मी लॉक केलं. तुम्ही कागद दिले असतील तर आजच करा.

तो ग्रुप नाव बदलून चालूच आहे. परवा अभ्यासिकेतल्या एका मुलीच्या मोबाईलवर तेच पत्र पाहिलं, खालची ओळ नसलेली तीच मुद्रा, नाव फक्त तिचं. तिचे २,३६० गेलेत. पुढचे १८,५०० ती सोमवारी भरणार होती. मी तिथूनच तिच्या वडिलांना फोन लावला.